कोल्ले सेरेनोची संध्याकाळ

आमच्या बिल्डिंगच्या मागे मशीद आहे. दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमध्ये राहायला आल्यापासून तिथली मगरीबची अजान झाली की मी रोझरीला बसते. माहेरी, वसईला गिरीजमध्ये, संध्याकाळी चर्चची घंटा व्हायची. इथे अजान होते. दिवस मावळला हे कळल्याशी कारण.

माझी लेक ॲमंडा सातव्या महिन्यात झाली आणि काचेच्या पेटीत होती, तेव्हा मी नवस बोलले होते. रोज संध्याकाळी रोझरी म्हणेन, एक दिवस चुकवणार नाही, आणि दुपारच्या जेवणानंतर ती रोझरी होईपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालणार नाही. ॲमंडा आता बारा वर्षांची आहे. क्लिनिकमध्ये माझ्या शेजारी बिलिंगला बसणारी वासंती म्हणते, "जोसेफिन, आमचा चातुर्मास चार महिन्यांचा, तुझा बारा महिन्यांचा." मी हसते. सवय झाली की भूकसुद्धा शिस्तीत वागते.

रोझरी कशी म्हणतात ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. 'नमो मारिया' या प्रार्थनेचे दोन भाग असतात. जी पुढे बसते ती पहिला अर्धा म्हणून थांबते, आणि बाकीचे दुसरा अर्धा म्हणतात. असं दहा वेळा झालं की एक दशक, अशी पाच दशकं. प्रत्येक दशकाला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवायचा, त्याला रहस्य म्हणतात. आमच्या घरी पुढे मी. माझा नवरा कॅस्मिर मराठीत उत्तर देतो, डोळे मिटून, अर्धवट पेंगत. ॲमंडा इंग्रजीत देते आणि नेहमी अर्धा श्वास उशिरा, कारण तिच्या तोंडात अंगठ्याचं नख असतं. कुरतडून कुरतडून तिने ते मुळापर्यंत नेलंय. रोझरी संपली की धाकट्याने मोठ्याकडे आशीर्वाद मागायचा. मी कॅस्मिरकडे मागते, ॲमंडा आम्हा दोघांकडे. मोठ्याने डोक्यावर हात ठेवायचा आणि "देव तुझं भलं करो" म्हणायचं. वयाचा क्रम उलटा करत नाहीत.

कॅस्मिर हॉटेलात बेव्हरेज परचेसला आहे. इटली त्याला बाटल्यांच्या लेबलांवरून पाठ आहे. बारोलोची द्राक्षं कुठल्या टेकड्यांवर होतात, जमिनीखालची ट्रफल नावाची अळंबी हुंगून काढायला कुत्रे कसे शिकवतात, सगळं तो आपल्या गावच्या वाडीबद्दल बोलावं तसं बोलतो. गेलेला मात्र कधीच नाही. यंदा आम्ही जाणार होतो. पिएमॉन्तच्या द्राक्षमळ्यांत चार दिवस त्याच्यासाठी, मग रोम माझ्यासाठी. सगळं बुक झालं होतं आणि ऐन वेळी त्याची रजा नामंजूर झाली. "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला," तो म्हणाला आणि आठवडाभर घरात कमीच बोलला.

म्हणून रास अल खोरला कोल्ले सेरेनो उघडल्याचं त्याने शोधून काढलं, तेव्हा मी मोडता घातला नाही. एका जुन्या अवाढव्य गोदामात आख्खं इटालियन गाव उभं केलं होतं: टेकडी, द्राक्षमळा, चौक, दुकानं, वाइनची तळघरं. उघडून महिनाही झाला नव्हता. शनिवारी दुपारी जेवून आम्ही निघालो.

"मगरीबच्या आत घरी," मी गाडीत म्हटलं.

"अगं जोसू, बघायचं, थोडी खरेदी करायची, खलास. चहाच्या वेळेला परत."

"फेक इटली," मागून ॲमंडा म्हणाली. "माय फ्रेंड्स आर गोइंग टू द रिअल वन."

"तुझ्या फ्रेंड्सना तिथे पार्किंग मिळणार आहे का?" कॅस्मिर म्हणाला आणि स्वतःच हसला. बऱ्याच दिवसांनी.

रास अल खोर नेहमीसारखंच होतं. फळांचे ट्रक, गॅरेजच्या रांगा, टायरचे ढीग, उन्हात पत्रा तापल्याचा वास. गोदामाला एक उंच लाकडी दार होतं. आम्ही आत शिरलो आणि ते मागे आवाज न करता मिटलं.

आत गारवा होता. एसीचा नव्हे, विहिरीच्या काठाला असतो तसा. ओल्या मातीचा, आंबलेल्या द्राक्षांचा आणि भाजल्या पावाचा वास येत होता. दगडी वाट वळणं घेत टेकडीवर चढत होती आणि दोन्ही बाजूंना वेली होत्या. मी एक पान चिमटीत धरून उलटं केलं. खरं होतं. मागे बारीक लव होती आणि लवेतून एक हिरवा किडा सावकाश चालला होता. वर छताचं आभाळ. सूर्य टेकडीआड जायच्या जरा आधीचा उजेड त्यात भरून ठेवला होता. त्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे सुंदर दिसत होते. लोक भराभर फोटो काढत होते.

मला आवडलं, हे मी लपवत नाही. कॅस्मिर एकेका दारावरची पाटी वाचत लहान मुलासारखा पुढे धावत होता. चामड्याच्या पर्सचं दुकान, हाताने रंगवलेल्या बशांचं दुकान, ऑलिव्ह तेलाचं दुकान. ॲमंडाने संगमरवरासारखी नक्षी असलेल्या कागदाची एक वही घेतली आणि "ओके, नॉट सो फेक," असा निकाल दिला. वर चौक होता. चौकाच्या एका बाजूला तळघराचा जिना, दुसऱ्या बाजूला छोटं चॅपेल, आणि मधे एका लाकडी मेजामागे एक म्हातारी बाई पाव आणि चीज कापत उभी होती.

तिचा पांढरा ॲप्रन घोट्यापर्यंत होता. मोठा गोल पाव तिने छातीशी धरला, अंगठ्याने त्याच्या पाठीवर एक क्रूस काढला, उभा आणि आडवा, अगदी सावकाश, आणि मगच सुरी लावली. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका भाकरी मोडायच्या आधी क्रूस काढायच्या. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी हात जोडले.

"मांज्या, मांज्या," ती म्हणाली. खा, खा. कॅस्मिरने आणि ॲमंडाने फोडी उचलल्या.

"ओ माय गॉड, ममा, दिस चीज!"

बाईने माझ्यापुढे बशी धरली. मी मान हलवली. पर्समधून जपमाळ काढून दाखवली, वर आभाळाकडे बोट केलं, अंधार झाल्यावर, अशी खूण केली. ती माळेकडे बघत राहिली. मग तिने सुरीच्या टोकाने चॅपेलकडे दाखवलं.

"नंतर," मी म्हटलं. "घरी."

ती हसली. तिचे दात लहान मुलासारखे बारीक आणि एकसारखे होते.

कॅस्मिर तळघरात वाइन चाखायला उतरला. ॲमंडा बाईच्या मेजापाशी रेंगाळली. मी चौकातल्या बाकावर बसले. नवऱ्याला मनासारखं वागायला मिळतंय तर मिळू दे, असं मनात होतं. मधे एकदा उठून मी दोन-तीन दुकानं हिंडून आले, सासूबाईंसाठी एक बशी घेतली. परत आले तर मेजावर पाव आख्खा होता, क्रूस काढलेला. आणि तरी ॲमंडाच्या हातात ताजी फोड होती.

"पुरे बाळा. निघायचंय."

"फाइव्ह मिनिट्स, ममा."

मी तळघराच्या जिन्यात वाकून हाक मारली. "कॅस्मिर! चल रे."

"आलो आलो," खालून उत्तर आलं. आवाज खुशीत होता.

उजेड तसाच होता. छताचा उजेड तसाच राहणार, हे मला समजत होतं. पण बाहेरचं काहीच कळत नव्हतं. फोनला रेंज नव्हती, आणि थोड्या वेळाने तो बंदच पडला. मी कान देऊन ऐकलं. दुबईत कुठेही उभं राहा, एक ना एक अजान कानावर पडतेच. इथे ऐकू येत होतं ते फक्त काट्याचमच्यांचं वाजणं आणि लांबून कुणाचं तरी हसणं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक जोडपं येऊन बसलं. पायाशी खरेदीच्या पिशव्या. दोघांच्या मनगटाला निळे सर्जिकल मास्क अडकवलेले.

"मराठी ऐकून बरं वाटलं," गृहस्थ म्हणाले. "आम्ही पुण्याचे. मी हेमचंद्र, ही मंजुषा."

"ही पर्स बघा हो," मंजुषाने पिशवी उघडली. "तीनशे दिरहॅम. म्हणजे आपले सहा हजार! मी ह्यांना म्हटलं, पुण्यात लक्ष्मी रोडला सहाशेत देईल."

सहा हजार. दिरहॅमला वीसचा भाव जाऊन कितीतरी दिवस झाले. मी म्हटलं, जुना हिशेब डोक्यात बसला असेल.

"तुम्हीही फिरायला आलात?" मी विचारलं.

"हो, सहजच. वेदांग म्हणाला, बाबा, जिलाटो खाऊ. आमचा मुलगा. तो आणायला गेलाय, आला की निघतोच." हेमचंद्रांनी वाटेकडे बघितलं. तोंडावर मघाचंच हसू होतं. "बाहेर ट्रॅफिक असेल नाही? एक्स्पो संपेपर्यंत हे असंच चालणार."

"एक्स्पो?"

"अहो, उघडून आठवडा नाही झाला. एवढ्यात विसरलात?"

एक्स्पो संपून वर्षं लोटली होती. आणि हे गाव तर गेल्या महिन्यात उघडलं होतं. मी मंजुषाकडे बघितलं. ती पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती. तिच्या हनुवटीला पावाचा चुरा लागला होता.

मी उठले. ॲमंडाच्या दंडाला धरलं आणि तळघराचा जिना उतरले. कॅस्मिर एका पिंपाला टेकून उभा होता. हातात ग्लास, गडद लाल, काठोकाठ.

"हे बघ, जोसू. हे नेब्बिओलो. मी सांगायचो ना, गुलाबाचा आणि डांबराचा वास येतो? घे, वास तरी घे."

"निघू या आपण. आत्ता."

"हो, निघू." तो प्यायला. ग्लास खाली आणला तेव्हा तो काठोकाठ होता.

मी त्याच्या हातातून ग्लास काढून घेतला. त्याने विरोध केला नाही. दोघांना दोन हातांनी धरून मी चौकातून खाली निघाले. ज्या वाटेने वर आलो तीच वाट. कागदाचं दुकान, बशांचं दुकान, पर्सचं दुकान. उतार पायांना जाणवत होता, गुडघ्यांवर भार येत होता. वळण संपलं आणि आम्ही चौकात होतो. बाई पावावर क्रूस काढत होती.

दुसऱ्या वाटेने गेलो. द्राक्षमळ्याच्या कडेने, उतारानेच. पुन्हा चौक.

"ममा, माय लेग्ज," ॲमंडा म्हणाली. रडत नव्हती. कंटाळली होती फक्त, आणि मान वळवून मेजाकडे बघत होती.

एका कोपऱ्यावर मी कमरेला शिट्टी लावलेल्या माणसाला गाठलं. "भाईसाब, एक्झिट किधर है?"

"सीधा नीचे, मॅडम," त्याने हात केला. "सब उधर से ही जाते हैं."

आम्ही सरळ खाली गेलो. हेमचंद्रांनी बाकावरून हात हलवला. "या, बसा. आमचा वेदांग येतोच आहे."

घसा सुकला होता. भूक लागली होती, आणि ती आता शिस्तीत नव्हती. पावाच्या वासाने तोंडात पाणी येत होतं आणि त्या पाण्याची मला भीती वाटत होती. कॅस्मिर माझ्या हातातून हात सोडवत होता, अगदी हळू, मला कळू नये असा. इथे ज्यांनी खाल्लं ते कुणीच घाईत नव्हते. घाईत मी एकटी होते, आणि माझ्या पोटात दुपारचा घरचा भात होता. दोघांना घेऊन बाहेर पडायचं, एवढंच मला सुचत होतं. धरून नेता येत नव्हतं. मग त्यांना उठवणार कसं?

आमच्या घरात एका गोष्टीला कधीच 'पाच मिनिटं' म्हणत नाहीत.

"रोझरी करू या," मी म्हटलं. "चला. वेळ झाली."

कॅस्मिरने माझ्याकडे बघितलं. झोपेतून हाक यावी तसं त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "झाली का अजान?" त्याने विचारलं.

"झाली," मी म्हटलं. देवा, क्षमा कर.

बाईने आम्हाला चॅपेलकडे जाताना पाहिलं. तिने सुरी मेजावर ठेवली आणि ॲप्रनला हात पुसले.

चॅपेल म्हणजे फोटो काढायची जागा होती. प्लास्टरच्या भिंती, बॅटरीच्या मेणबत्त्या, पुढे वेदीसारखा एक ओटा आणि त्यामागे भिंतीवर रंगवलेली खिडकी. बाक मात्र खरे, जुन्या लाकडाचे. गुडघे टेकायच्या फळ्यांना मधोमध खळगे पडलेले. आम्ही पुढच्या बाकावर गुडघे टेकले. कॅस्मिर माझ्या उजवीकडे, ॲमंडा डावीकडे. शनिवार, म्हणजे आनंदाची रहस्यं. मी क्रुसाची खूण केली आणि सुरुवात केली.

पहिलं दशक आमचं तिघांचं झालं. मी अर्धा म्हणायचे, थांबायचे. कॅस्मिरची मराठी, आणि तिच्यामागे अर्धा श्वास उशिरा ॲमंडाची इंग्रजी. ते ऐकून माझा जीव थाऱ्यावर आला.

दुसऱ्या दशकात मागे पावलं वाजली. बाक करकरले. उत्तर देणारे आवाज वाढले. मी वळून बघितलं नाही. रोझरीत वळून बघत नाहीत. पण एक आवाज मी ओळखला. मंजुषाचा. पुण्याची ती बाई दुसरा अर्धा शब्द न् शब्द बरोबर म्हणत होती, आमच्या गावच्या ठेक्यात.

तिसऱ्या दशकात आवाज भिंतींबाहेरही होता. सगळ्या गल्ल्यांतून. पुरुषांचा, बायकांचा, मुलांचा, एका दमात. माझा एकटीचा पहिला अर्धा, मग तो लोंढा. गुडघ्याखालची फळी थरथरत होती.

मला थांबावंसं वाटलं. पण दशक मधे तोडायचं नसतं. आणि थांबले असते तर पुन्हा सुरू करायला शब्द उरले नसते, असं वाटलं.

चौथ्यात मला ॲमंडाची इंग्रजी ऐकू आली. सगळ्यांच्या मागून, अर्धा श्वास उशिरा. फक्त ती डावीकडून येत नव्हती. समोरून येत होती, रंगवलेल्या खिडकीच्या पलीकडून.

देवळात आवाज फिरतो, मी मनाशी म्हटलं. डावीकडे नजर टाकली. ॲमंडा होती. केस पुढे आलेले, मान खाली, हात जोडलेले.

पाचवं रहस्य. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो. यरुशलेमहून परतताना आईबापांना वाटतं, मूल आपल्या सोबतच्या घोळक्यातच आहे, आणि ते एक दिवसाची वाट चालून जातात.

मी पहिला अर्धा म्हटला.

उजेड गेला.

बॅटरीच्या मेणबत्त्या, दारातून येणारा तो सोनेरी उजेड, सगळं एकदम. छत नव्हतं, भिंती नव्हत्या. कुणी ओरडलं नाही. काळोखात उत्तर आलं, आधीसारखंच, एका दमात.

मी दहाही पूर्ण केले. शेवटचं आमेन झालं.

मग कुणीतरी माझ्यापुढे गुडघे टेकले. "आशीर्वाद," असं पुटपुटलं. मी हात पुढे केला, हाताला डोकं लागलं. "देव तुझं भलं करो." दुसरं डोकं आलं. कुरळे केस. मग टक्कल. मग एक डोकं, ज्यावर केसांऐवजी काहीतरी गार आणि गुळगुळीत होतं. आशीर्वाद मागणाऱ्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही. मी हात ठेवत गेले.

शेवटी माझ्या बोटांत एक हात आला. लहान, उबदार. रोज आशीर्वाद झाला की ॲमंडा माझी दोन बोटं धरते, तशी धरली.

"चल बाळा," मी म्हटलं. उजव्या हाताने कॅस्मिरची कॉलर पकडली.

अंगठ्याखाली मला तिचं नख लागलं. पूर्ण वाढलेलं, गोल, कडेला गुळगुळीत.

मी चालत राहिले.

उतार लागला. या वेळी तो संपला. लाकूड हाताला लागलं, मी खांद्याने ढकललं, आणि गरम हवा तोंडावर आली. डिझेल. टायर. आणि अजान. मगरीबची, समोरच्याच मशिदीतून, नुकतीच सुरू झालेली.

मी फुटपाथवर बसले आणि रडले. कॅस्मिर म्हणाला, "अगं, काय झालं? वेळेत निघालो ना." त्याला फक्त छान फिरून आल्यासारखं वाटत होतं. ॲमंडा माझ्या शेजारी उभी होती. रस्त्याच्या दिव्यात मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. तीच. भुवईवरचा व्रणसुद्धा तोच.

"उगी," ती मराठीत म्हणाली. "असं रडू नये भररस्त्यात."

त्या रात्री घरी मी पाव मेजावर ठेवला. ॲमंडाने तो उचलून छातीशी धरला आणि अंगठा फिरवला.

दुसऱ्या दिवशी रोझरीला तिने मराठीत उत्तर दिलं. अर्धा श्वासही उशीर नाही. मी कॅस्मिरकडे आशीर्वाद मागितला. मग ॲमंडाची वाट बघितली. ती माझ्यासमोर उभी होती, हात पुढे धरून, तळवा खाली. तीही वाट बघत होती.

"काय गं?" मी विचारलं.

तिने हात तसाच धरून ठेवला. घाईत नव्हती.

"माग की तू तिच्याकडे," कॅस्मिर हसला. "खेळतेय ती. आणि किती शहाणी झालीय बघ, चक्क मराठी बोलते."

मी मागितला नाही. ती आपल्या खोलीत गेली.

पुढच्या शनिवारी मी एकटी कोल्ले सेरेनोला गेले. तुफान गर्दी. वाटा नीट खाली दाराशी जात होत्या, दाराबाहेर गाड्या दिसत होत्या. बाकावर कुणी अनोळखी बसले होते. चौकातल्या मेजामागे एक फिलिपिनो मुलगी चीज कापत होती. मी तिला आधीच्या म्हाताऱ्या बाईबद्दल विचारलं.

"नो ओल्ड लेडी, मॅम. सिन्स ओपनिंग, ओन्ली मी."

मी चॅपेलमध्ये गुडघे टेकले. हळू आवाजात पहिला अर्धा म्हटला आणि थांबले. पलीकडून काहीच आलं नाही. मी पाचही दशकं अर्धी अर्धी म्हटली. भिंत तशीच राहिली. भिंतीमागे जाऊन बघितलं तर पार्किंग होतं, विटा होत्या, आणि विटांवर ऊन.

त्या संध्याकाळी घरी रोझरी झाल्यावर ती पुन्हा माझ्यासमोर हात धरून उभी राहिली. मी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. तिच्या अंगठ्याच्या नखाकडे बघितलं. मग गुडघे टेकले आणि म्हटलं, "आशीर्वाद."

त्यानंतरच्या शनिवारी मी पहिला अर्धा म्हटला आणि रंगवलेल्या खिडकीच्या पलीकडून, अर्धा श्वास उशिरा, अस्पष्ट आवाजात उत्तर आलं. "होली मेरी, मदर ऑफ गॉड." तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं.

मी हाक मारली. नावाला उत्तर येत नाही. फक्त प्रार्थनेला येतं.

म्हणून दर शनिवारी जाते. फोटोसाठी थांबलेले लोक मागे चुळबुळ करतात, मी पाच दशकं पूर्ण करते. आईबापांना मूल तिसऱ्या दिवशी सापडलं, असं आपण म्हणतो. मी दिवस मोजत नाही. उजेड एकदा गेला होता, पुन्हा जाईल. तोवर तिने उत्तर देत राहावं, एवढंच. मगरीबच्या आत मी घरी असते.

मधे एका संध्याकाळी माझ्या गुडघ्यांनी ऐकलं नाही. मी नुसतीच उभी राहिले, ती हात धरून उभी राहिली, आणि शेवटी तिने हात खाली घेतला. त्या शनिवारी भिंत गप्प होती. पुढचे सहा दिवस कसे गेले ते माझं मला माहीत.

आता मी चुकत नाही. अजान होते. कॅस्मिर पेंगत उत्तर देतो, ती स्वच्छ आवाजात देते. आमेन होतं. मी तिच्यापुढे गुडघे टेकते आणि डोळे मिटते. तिचा हात डोक्यावर येतो. लहान आहे, पण जड असतो. "देव तुझं भलं करो," ती म्हणते. मग तो हात खाली सरकतो आणि तिचा अंगठा माझ्या कपाळावर फिरतो, उभा आणि आडवा, अगदी सावकाश, पाव कापायच्या आधी फिरवतात तसा.